घरात ब्रिटिश काळातलं मेडल सापडलं? घासायच्या आधी हे वाचा

माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराच्या खणात नाहीतर आजीच्या पाटल्यांच्या डबीत कधीतरी एक गोल चकती सापडते, एका बाजूला दाढीवाला राजा नाहीतर डोक्यावरून ओढणी घेतलेली राणी, दुसऱ्या बाजूला कोणालाच न वाचता येणारं काहीतरी, आणि घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, आण गं जरा चिंच, चकाचक करून टाकू. तेवढं करू नका. बाकी सगळं नंतर निस्तरता येतं, घासलेलं मेडल परत पहिल्यासारखं होत नाही.

आमच्याकडे 1911 च्या दिल्ली दरबाराचं चांदीचं मेडल आहे, पणजोबांचं, ते मामलेदार कचेरीत होते. दर खंडेनवमीला विळी, कोयता, अडकित्ता, दारावरचं कुलूप यांच्यासोबत हे मेडलही चिंच आणि राखेने घासलं जायचं, साठेक वर्षं तरी, आणि ते प्रेमानेच, पूजेला ठेवायचं म्हणून. आज ते भिंगाखाली धरलं की राणी मेरीचा गाल सपाट दिसतो, मुकुटातले मणी एकमेकांत विरघळल्यासारखे झालेत, भोवतीच्या फुलांच्या माळेतलं एक फूल दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. फक्त राजाच्या मानेच्या आणि राणीच्या खांद्याच्या मधल्या खाचेत, जिथे राखेचं बोट पोचलं नाही, तिथे एक निळसर काळा पट्टा उरलाय आणि त्या पट्ट्यात रेषा अजून कोऱ्या आहेत. मूळ मेडल कसं होतं ते आम्हाला त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेवरून कळतं. तो काळा थर म्हणजे मळ नाही, चांदीवर हवेतल्या गंधकाने हळूहळू बसलेला थर आहे, आणि खालच्या कामाला तोच राखतो.

तर सुरुवात फोटोपासून करा. सापडलं तसं, ज्या डबीत ज्या फडक्यात होतं त्याच्यासकट. मग पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही बाजू, कडेची जाडी चारही बाजूंनी, वरची कडी, रिबन, पिन, सगळं. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीचा उजेड घ्या, आणि अक्षरं झिजलेली असतील तर खोली अंधारी करून मोबाईलचा टॉर्च अगदी टेबलाच्या पातळीला आडवा धरा, एका बाजूने. सरळ बघताना जिथे काहीच नाही असं वाटतं तिथे सावलीमुळे अक्षरं उठून येतात. टॉर्च हळूहळू गोल फिरवत सात आठ फोटो काढा, एकात नाही तर दुसऱ्यात दिसतं.

त्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहा कुठे सापडलं, कोणाच्या सामानात, आणि घरातल्या मोठ्यांना काय काय आठवतं. आत्या, आजोबा, गावाकडचे चुलते, ज्यांना ज्यांना विचारता येईल त्यांना विचारा आणि बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. जुनी माणसं याला मेडल म्हणतीलच असं नाही, बिल्ला म्हणतील, चांद म्हणतील, त्यामुळे "आजोबांना सरकारने चांद दिला होता का" असं विचारलं की एकदम काहीतरी आठवतं.

आता ओळखायचं कसं. एक पट्टी घ्या, शक्यतो सराफाकडे असतो तसा कॅलिपर, पण प्लास्टिकचा, लोखंडी जबड्याने ओरखडे पडतात. व्यास मिलीमीटरमध्ये मोजा, वजन ग्रॅममध्ये घ्या. आणि मग स्वतःला विचारा की हे लढाईचं आहे, समारंभाचं आहे, सन्मानाचं आहे की गावातल्या कोणीतरी दिलेलं आहे, कारण या चारही जातींचं वाचन वेगळं असतं.

लढाईची मेडलं म्हणजे सैनिकांना मोहिमेबद्दल दिलेली, त्यात रिबनवर बऱ्याचदा धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, लढाईच्या नावाच्या. 1851 मध्ये मंजूर झालेल्या आर्मी ऑफ इंडिया मेडलवर खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव अशा नावांच्या पट्ट्या होत्या, म्हणजे आपल्याच मातीतल्या लढाया. ती फार थोड्यांना मिळाली कारण लढाया होऊन तीस चाळीस वर्षं उलटल्यावर जे हयात होते त्यांनाच दिली गेली. म्हणूनच त्या पट्ट्या खोट्या करून चढवलेल्याही सापडतात. पण हा विषय मोठा आहे, इथे फक्त एवढंच की पट्टी असेल तर समारंभाच्या यादीत शोधत बसू नका. याला एक अपवाद लक्षात ठेवा, 1911 च्या राज्याभिषेकाच्या मेडलवर "दिल्ली" अशी पट्टी असू शकते, ज्यांना राज्याभिषेकाचं मेडल होतं आणि जे दिल्ली दरबारालाही होते त्यांच्यासाठी.

समारंभाची जी मोठी आहेत ती ओळखायला सोपी आहेत. 1 जानेवारी 1877 ला लॉर्ड लिटनने दिल्लीला दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, त्याचं मेडल चांगलं मोठं आहे, 58 मिमी, छातीवर नाही तर गळ्यात घालायचं. एका बाजूला ओढणी आणि मुकुट घातलेली राणी आणि तारीख, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, फारसी लिपी आणि देवनागरी अशा तिन्हीत मजकूर, देवनागरी आहे म्हणून आपल्याला ते पटकन ओळखू येतं. सोन्याची राजेरजवाड्यांना, चांदीची इतरांना. हे मेडल हातात घेतलं की मला दरवेळी दोन गोष्टी आठवतात, एक म्हणजे त्याच वेळी दख्खनमध्ये 1876 चा दुष्काळ पेटलेला होता, आणि दुसरी म्हणजे त्याच दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून उभे होते.

1903 चं एडवर्डच्या दरबाराचं मेडल साधारण 38 मिमी आहे. पुढच्या बाजूला इंग्रजीत दिल्ली दरबार आणि 1903 असं सरळ लिहिलंय, मागे फारसी मजकूर. गोंधळ होतो तो इथे, मागे फारसी आकड्यात 1901 आहे कारण एडवर्ड गादीवर आला ते साल 1901, त्यामुळे ते वाचून "हे 1901 चं आहे" असं ठरवू नका. सोन्याची 140 आणि चांदीची 2,567 दिली गेली.

1911 चं साधारण त्याच मापाचं, पण पुढे राजा आणि राणी दोघं एकापुढे एक, फुलांच्या माळेत, आणि मागे फारसी. "जॉर्ज पाचवा, हिंदुस्थानचा बादशहा, याचा दरबार" अशा अर्थाचा मजकूर आहे. आमच्या घरात कित्येक वर्षं हे निजामाचं मेडल म्हणून सांगितलं जायचं, कारण फारसी दिसली की निजाम नाहीतर मोगल असंच आपल्या डोक्यात येतं. तसं नसतं, इंग्रजांनी स्वतः होऊन फारसी वापरली, मोगल दरबाराचा थाट आपल्यालाही चढावा म्हणून. या दरबाराची चांदीची सुमारे 30,000 पाडली, सोन्याची फक्त 200, म्हणून महाराष्ट्रातल्या घरात सापडण्याची शक्यता याच मेडलची सगळ्यात जास्त, अव्वल कारकुनापासून सुभेदारापर्यंत कोणाकोणाला ती मिळाली. यावर मेडल मिळालेल्या माणसाचं नाव घातलेलं नसायचं, त्यामुळे नाव नाही म्हणून खोटं समजू नका, आणि कडेवर नाव असेलच तर ते त्या घराने नंतर सराफाकडून कोरून घेतलं असणार. मग 1935 चं रौप्यमहोत्सवाचं येतं, ते छोटं, 32 मिमी, मागे 6 मे 1910 आणि 6 मे 1935 या तारखा इंग्रजीत, त्यात काही अवघड नाही.

फारसी आकडे सगळ्यांनी शिकून घ्यावेत, पाच मिनिटांचं काम आहे. 1 म्हणजे उभी काडी, 9 इंग्रजी 9 सारखाच, 0 म्हणजे नुसता ठिपका, 7 म्हणजे इंग्रजी व्ही अक्षर आणि 8 म्हणजे तेच अक्षर उलटं. शब्द उजवीकडून वाचायचे पण आकडे मात्र डावीकडूनच. साल बाराशे तेराशेच्या घरात आलं तर ते हिजरी, त्याला 0.97 ने गुणा आणि 622 मिळवा, एखाद्या वर्षाचा फरक सोडला तर इसवी सन मिळतो, म्हणजे हिजरी 1319 चे साधारण 1901 येतात. संस्थानी मेडलांवर शक किंवा संवत असतो, शकात 78 मिळवा, संवतातून 57 वजा करा.

सन्मानाच्या मेडलांत कैसर-ए-हिंद सगळ्यात माहितीचं. 1900 मध्ये सुरू झालं, लोकसेवेसाठी, म्हणजे दुष्काळ, प्लेग, दवाखाने, स्त्रीशिक्षण असल्या कामासाठी. ते गोल नाही, लांबट अंडाकृती आहे, मागे मधल्या पट्टीवर कैसर-ए-हिंद आणि भोवती हिंदुस्थानातील लोकसेवेसाठी असं इंग्रजीत. सोन्याचं पहिल्या वर्गाचं, चांदीचं दुसऱ्या, नंतर ब्राँझचंही आलं. बायकांना दिलेल्या मेडलची रिबन बो सारखी बांधलेली असते, तशी सापडली तर ती उलगडून सरळ करू नका, ती गाठच सांगते की हे घरातल्या पुरुषाचं नाही, पणजीचं आहे! केडगावच्या पंडिता रमाबाईंना हे 1919 मध्ये मिळालं. गांधीजींना 1915 मध्ये सोन्याचं मिळालं होतं, ते त्यांनी ऑगस्ट 1920 मध्ये व्हाइसरॉयला पत्र लिहून बोअर युद्धाच्या आणि झुलू बंडाच्या मेडलांसकट परत केलं. म्हणून घरातली सनद आहे आणि मेडल नाही असं असेल तर ते हरवलंच असं धरू नका, परत केलेलं असू शकतं, त्या काळच्या पत्रव्यवहारात शोधा.

रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर या किताबांचे बिल्ले 1911 पासून, ताऱ्यासारखे किरण, वर मुकुट, मधे बादशहाचं डोकं आणि भोवती किताबाचं नाव. मागची बाजू नक्की बघा, तिथे नाव आणि तारीख कोरलेली असते.

आणि आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची जात, गावातल्या लोकांनी दिलेली. नगरपालिका, तालुका लोकल बोर्ड, शाळा, व्यापाऱ्यांची मंडळी, सहकारी पतपेढी, कोणी प्लेगच्या साथीत काम केलेल्या डॉक्टरला, कोणी बदली होऊन चाललेल्या मास्तरांना, कोणी नाटकातल्या नटाला. ही टांकसाळीत पाडलेली नसतात, गावातल्या सोनाराने चांदीचा पत्रा कापून हाताने कोरलेली असतात. अक्षरं जराशी वाकडी, ओळ शेवटी आली की जागा पुरत नाही म्हणून शेवटची दोन अक्षरं दाटीवाटीने बसवलेली, कडी मागून डाग देऊन जोडलेली आणि त्या डागाचा फुगवटा अजून बोटाला लागतो. बाजारात याला फार कोणी विचारत नाही, दरबारी मेडलालाच सगळे हात पुढे करतात. मला हे चुकीचं वाटतं. दरबारी मेडल 30,000 लोकांकडे होतं, पण "प्लेगमधील सेवेबद्दल अमुक पेठेतील रहिवाशांकडून" असं कोरलेलं जगात एकच असतं, आणि त्या पेठेच्या इतिहासाचा तेवढाच कागद उरलेला असू शकतो, धातूवर लिहिलेला. असलं काही सराफाने वजनावर घ्यायला मागितलं तर देऊ नका.

नावं वाचताना एक लक्षात ठेवा की त्या काळचं इंग्रजी स्पेलिंग आत्तासारखं नव्हतं. रामचंद्राचं रामचुंदर, गणपतचं गुनपुत, लक्ष्मणचं लक्सुमन असं काहीही सापडतं, गावांचंही तसंच, ठाण्याचं टॅना, अहमदनगरचं नुसतं नुग्गर, खडकीचं किर्की. आडनाव बऱ्याचदा नसतंच, नाव आणि वडलांचं नाव एवढंच. म्हणून यादीत शोधताना आडनावाने शोधून सापडलं नाही म्हणून सोडून देऊ नका, वडलांच्या नावाने बघा. सन्मानाच्या याद्या दरवर्षी दोनदा निघायच्या, 1 जानेवारीला आणि राजाच्या वाढदिवसाला, पाचव्या जॉर्जच्या काळात तो 3 जून. लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, इंटरनेटवर फुकट बघता येतं, कैसर-ए-हिंदच्या सोन्याच्या मेडलांसाठी तिथे सुरुवात करा. त्याखालच्यांसाठी गॅझेट ऑफ इंडिया आणि मुंबई सरकारचं गॅझेट, त्यासाठी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आहे, पुण्यात पेशवे दफ्तर आहे. जाताना साल साधारण ठरवून जा, नुसतं "आमच्या आजोबांचं बघा" म्हटलं की तिथल्या माणसालाही काही करता येत नाही.

मेडलचा शिक्का कोणी कोरला ते शोधायचं असेल तर राजाच्या मानेच्या कापाखाली बघा, अगदी बारीक अक्षरात शिक्का कोरणाऱ्याचं नाव किंवा आद्याक्षरं असतात. वायन हे घराणं व्हिक्टोरियाच्या काळात सगळीकडे सापडेल. श्रीरंगपट्टणच्या 1799 च्या मेडलवर कुख्लरची सही असते, सी एच के. हे मेडल मुद्दाम सांगतोय कारण याच्या नकला खूप फिरतात. ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघाला खाली पाडतोय आणि मागच्या बाजूला किल्ल्यावरचा हल्ला. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडलेलं 48 मिमी, कलकत्त्याला पाडलेलं 45 मिमी. सोनं, सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, चांदी, ब्राँझ आणि कथील अशा पाच प्रकारात ते दिलं, हुद्द्याप्रमाणे, साध्या शिपायाच्या वाट्याला कथील. तुमच्याकडचं 42 किंवा 43 भरलं तर शंका घ्या, कारण अस्सल मेडलावरून साचा घेऊन ओतलेली नकल थंड होताना आकसते. ओतीव नकलेच्या सपाट भागावर बारीक बारीक खड्डे दिसतात, दह्याच्या साईवर असतात तसे, आणि कडेवर मधोमध जोडाची रेघ घासलेली असते. पाडलेल्या मेडलचा सपाट भाग आरशासारखा एकसंध असतो. आणि कडेवर नाव असेल तर व्यास चार पाच ठिकाणी मोजा, जुनं नाव घासून नवीन घातलं असेल तर तेवढ्या जागी माप कमी भरतं.

धातू चांदी आहे का हे बघायला सराफाकडे कस लावायला नेऊ नका, कसोटीवर घासलं की कड गेली. घरीच करता येतं. दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा घ्या, आधी कोरडं वजन घ्या. समजा 20.6 ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचा कप ठेवून आकडा शून्य करा, मेडल सुती दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला आणि बाजूला टेकू देऊ नका, हवेचे बुडबुडे झटकून टाका. काट्यावर आता जो आकडा येईल, समजा 2.0, त्याने कोरड्या वजनाला भागा, 10.3 आलं. जुन्या रुपयाची चांदी साधारण इथेच येते, शुद्ध चांदी 10.5 च्या आसपास. 8.5 आलं तर पितळ, 8.9 तांबं, 17 च्या पुढे गेलं तर सोनं, मग मात्र कोणाला सांगत फिरू नका. रिबन लावलेली असेल, मिना असेल, आतून पोकळ वाटत असेल, किंवा कथलासारखं मऊ राखाडी असेल तर हा प्रयोग करूच नका. नंतर मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका, आणि पंख्याखाली दोन तास वाळू द्या.

सांभाळायचं म्हणजे तीन शत्रू आहेत, दमट हवा, गंधक आणि चुकीचं प्लास्टिक. नाण्यांचे जे मऊ, वास मारणारे पारदर्शक कप्पे मिळतात ते पीव्हीसीचे असतात, दोन चार पावसाळ्यात मेडलावर हिरवा चिकट थर येतो. तसं झालेलं असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून निघतो, नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात बाकी पदार्थ असतात, आणि खिडक्या उघड्या ठेवा, गॅस आणि उदबत्ती बंद. रिबन आणि मिना त्याच्या जवळही नको. रबरबँड, लोकर, फेल्ट, वर्तमानपत्र, यात मेडल गुंडाळू नका. मायलरचे, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरचे, कप्पे किंवा आम्लरहित कागद घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि जूनच्या सुरुवातीला ती बदला, कोकणात तर दर महिन्याला. ब्राँझवर फिकट हिरवी भुकटी दिसली, नखाने उडेल अशी, तर ते मेडल लगेच बाकीच्यांपासून वेगळं कोरड्या डब्यात ठेवा, तो क्षारांमुळे लागलेला रोग आहे आणि धातू आतून खातो. घरगुती उपाय नाही, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे किंवा जवळच्या चांगल्या संग्रहालयात विचारा.

जुनी रिबन विरली तरी नवीन लावू नका, तिचा रंग हीच ओळख असते. मेडलपासून वेगळी, सपाट, कागदात ठेवा. सनद असेल तर लॅमिनेट करू नका, सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको. मी एका ओळखीच्या घरी रावसाहेबकीची सनद लॅमिनेट केलेली पाहिली, शाई प्लास्टिकला चिकटून वर आलेली आणि कागद आत पिवळा पडलेला, बघवत नव्हतं.

विकायचं असेल तर आधी कायदा. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, 1877, 1903, 1911 तिन्ही दरबार आता त्यात आलेच, त्यामुळे बाहेरच्या गिऱ्हाइकाने कितीही गोड बोलून कुरिअर करा म्हटलं तरी नाही म्हणा. देशातही असल्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो, तो बघायला मागा, मागण्यात काही अपमान नाही. मोबाईलवर जाहिराती येतात की जुनी नाणी मेडलं लाखोंना घेतो, फक्त नोंदणीचे पैसे भरा, त्याला रिझर्व्ह बँकेचं नाव लावलेलं असतं. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच जाहीर केलंय की असल्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही आणि ती असले पैसे घेत नाही. पैसे आधी मागितले की फोन ठेवा.

वाटणीच्या वेळी एका माणसाची चार मेडलं असतील तर चार भावंडांत एकेक करू नका. ती मिळून एका माणसाचं आयुष्य आहे, सुटी झाली की कोणालाच काही सांगत नाहीत. एकाकडे सगळी ठेवा आणि बाकीच्यांना चांगले मोठे फोटो छापून द्या, मागे नाव, साल, वजन, व्यास आणि मोठ्यांनी सांगितलेली गोष्ट लिहून. आमच्याकडे पणजोबांचं मेडल आता धाकट्या काकांच्या घरी आहे, खंडेनवमीला ते बाहेर काढतात, हळदकुंकू आणि फूल मेडलसमोरच्या ताटलीत वाहतात, मेडलवर नाही, आणि संध्याकाळी परत डब्यात.